कार्यालयीन पत्र आणि व्हॉट्सअ‍ॅप : मराठीत फरक नेमका कुठे करायचा?

प्रश्न : मी एका खासगी कंपनीत काम करतो आणि आमच्या सोसायटीचा सचिवही आहे. दोन्हीकडे मराठीत लिहावं लागतं. बोलतो तसं लिहिलं तर लोकांना उद्धट वाटतं, सरकारी थाटात लिहिलं तर हसतात. औपचारिक आणि अनौपचारिक लिहिताना नेमकं काय बदलायचं आणि किती?

उत्तर :

बहुतेकांची गाडी अडते ती शब्दांच्या मागे लागल्यामुळे. पत्र औपचारिक करायचं म्हटलं की 'सदर', 'उपरोक्त', 'अनुषंगाने', 'तद्वतच' गोळा करायचे आणि क्रियापद मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरचंच ठेवायचं. 'सदर बिल उद्यापर्यंत भरून टाका' हे वाक्य ना घरचं ना कचेरीतलं. उलट 'हे बिल उद्यापर्यंत भरावे, ही विनंती' यात एकही जड शब्द नाही, तरी ते कुठल्याही सूचनाफलकावर शोभतं. मराठीत औपचारिकपणा मुख्यतः क्रियापदाच्या शेवटात आणि सर्वनामात असतो. तुम्ही म्हणता तो उद्धटपणाही तिथूनच येतो, आणि हसू येतं ते जड शब्दांमुळे. त्यामुळे दुरुस्ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी करायची आहे.

'पाठवणे' हे एकच क्रियापद घ्या. धाकट्या भावाला 'पाठव'. मैत्रिणीला जरा अडचणीचं काम सांगायचं असेल तर 'पाठवशील का'. कामापुरती ओळख असलेल्याला 'पाठवा', थोडं मऊ करायचं तर 'पाठवाल का'. पत्रात 'पाठवावे', अर्जात 'पाठवावे, ही विनंती'. त्याही पुढे 'पाठवण्यात यावे'. यातली 'पाठवा' ही पायरी फसवी आहे. समोरासमोर बोलताना आवाज आणि चेहरा मदतीला असतात, म्हणून 'पाठवा' सौम्य वाटतं. कागदावर तेच हुकमासारखं दिसतं. लेखी विनंतीला म्हणून विध्यर्थ वापरायचा : पाठवावे, द्यावे, कळवावे, उपस्थित राहावे. तुमच्या सोसायटीच्या सूचनांमधली सगळी आज्ञार्थी ('पाठवा', 'भरा' अशी) क्रियापदं विध्यर्थात बदला आणि बाकी काहीही बदलू नका. निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.

एक प्रकार मात्र टाळाच : 'सर्वांनी सकाळी १० वाजता हजर राहणे', 'थकबाकी त्वरित भरणे'. धातूला नुसता '-णे' लावून दिलेला आदेश जुन्या कचेऱ्यांतून आला आणि अजून शाळांच्या व सोसायट्यांच्या फळ्यांवर टिकून आहे. तो वरिष्ठाने कनिष्ठाला द्यायचा आदेश आहे. सोसायटीत सभासद तुमचे कनिष्ठ नाहीत.

आता सर्वनाम. तू, तुम्ही, आपण या तिघांत 'आपण' सगळ्यांत आदरार्थी असलं तरी पत्रात ते जपून वापरावं लागतं, कारण आपण म्हणजे 'आम्ही आणि तुम्ही मिळून' असाही अर्थ होतो. 'आपण बुधवारी भेटू' यात लिहिणाराही आला, 'आपण बुधवारी यावे' यात फक्त वाचणारा. 'आपण याबाबत निर्णय घ्यायला हवा' या वाक्यात मात्र निर्णय कोणी घ्यायचा ते कळत नाही, आणि ईमेलवर अशा वाक्यापायी आठवडाभर कोणीच काही करत नाही. अशा जागी थेट 'समितीने निर्णय घ्यावा' असं लिहा. दुसरं म्हणजे एका पत्रात 'आपण' धरलं की शेवटपर्यंत 'आपण', 'आपणास', 'आपले'. पहिल्या परिच्छेदात 'आपणास' आणि तिसऱ्यात 'तुमच्या' दिसलं की ते दोन जुन्या पत्रांतून जोडलेलं आहे हे लगेच कळतं.

मराठी क्रियापद लिहिणाऱ्याचं लिंगही सांगतं. जुना अर्ज नमुना म्हणून उतरवताना बाईंच्या अर्जात 'अर्ज करतो' राहून जातं, शेवटी 'आपला विश्वासू' आणि खाली सही बाईंची. 'मी अर्ज करीत आहे' असं लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही, ते दोघांनाही चालतं. सहीच्या वरचं 'आपला/आपली' मात्र स्वतः तपासावं लागतं.

तिसरी जागा म्हणजे अनुस्वार. 'केलं, झालं, पाणी आलं, पत्रं लिहिली' हे बोलण्यातलं रूप, 'केले, झाले, पाणी आले, पत्रे लिहिली' हे लेखनातलं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२मध्ये भर पडलेले ४ मिळून शुद्धलेखनाचे जे १८ नियम आहेत, त्यांतही ही सोय आहे : बोलण्याची भाषा लिहायची असेल तिथे अनुस्वार चालतो, एरवी एकारान्त, म्हणजे शेवटी 'ए' असलेलं 'केले', लिहायचं. त्यामुळे 'केलं' लिहिणं अशुद्ध नाही, ते बोलल्यासारखं आहे एवढंच. हे उत्तर मी 'केलं'मध्ये लिहितो आहे, कारण समोर प्रश्न विचारणारा माणूस आहे. हेच परिपत्रक असतं तर 'केले' लिहिलं असतं. एका मजकुरात दोन्ही मिसळणं हीच काय ती चूक, आणि ती सर्रास होते. पहिलं वाक्य 'कळवण्यात आले होते', दुसरं 'पण काहीच झालं नाही'. 'आलंय, करतोय, नाहीये' ही जोडरूपं त्याहून घरगुती. ती पत्रात कधीच नकोत, तिथे 'आले आहे, करत आहे, नाही'.

आता एकच मजकूर तीन ठिकाणी कसा जातो ते पाहू. नळाला गढूळ पाणी येतं आहे.

टाकीचा पंप चालू करणाऱ्या मित्राला :

'अरे, आज पण गढूळ पाणी आलंय. वर चढवू नकोस.'

सोसायटीच्या ग्रुपवर :

'नमस्कार. आज सकाळी आलेलं पाणी गढूळ आहे, त्यामुळे वरच्या टाकीत चढवलेलं नाही. टाकीत सध्या अर्धंच पाणी आहे. उद्या सकाळपर्यंत जपून वापरावं, ही विनंती. महापालिकेत तक्रार नोंदवली आहे. – सचिव'

महापालिकेला :

'प्रति,
मा. उपअभियंता, पाणीपुरवठा विभाग,
(महापालिकेचे नाव व विभागीय कार्यालय)

विषय : (सोसायटीचे नाव) येथे ३ जूनपासून होणाऱ्या गढूळ पाणीपुरवठ्याबाबत.
संदर्भ : दूरध्वनीवरील तक्रार क्र. ……, दि. ४ जून.

महोदय,
आमच्या सोसायटीत ३ जूनपासून रोज सकाळी ६ ते ७.३० या वेळेत येणारे पाणी गढूळ असून त्याला दुर्गंधी येते. सोसायटीत ४८ सदनिका आहेत. ४ जून रोजी दूरध्वनीवरून तक्रार नोंदवली, मात्र अद्याप पाहणी झालेली नाही.
तरी जलवाहिनीची पाहणी करावी, पाण्याचा नमुना तपासावा व तपासणी अहवालाची प्रत सोसायटीस द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)
सचिव
सोबत : पाण्याची छायाचित्रे (२)'

मित्राला 'आज पण' पुरलं, कारण काल काय झालं ते त्याला ठाऊक आहे. ग्रुपवर 'त्यामुळे' आलं, कारण पाणी का चढवलं नाही हे विचारायला दहा जण टपलेले असतात. महापालिकेच्या पत्रात 'आज'सुद्धा गेलं, कारण ते पत्र कुठल्या तारखेला कोणाच्या टेबलावर उघडलं जाईल ते सांगता येत नाही. औपचारिक लेखन लांबतं ते यामुळे : वाचणारा अनोळखी आहे, त्याला मागचं काही माहीत नाही, आणि कागद फाइलीत राहणार आहे. तारीख, वेळ, सदनिकांची संख्या, तक्रार क्रमांक यांनी लांबी वाढली तर वाढू द्या. 'आपण आपल्या बहुमूल्य वेळातून…' याने वाढवू नका. आणि 'गढूळ' शब्द तिन्हीकडे गढूळच राहिला आहे. पाण्याचं 'दूषित' हे प्रयोगशाळेने सांगायचं असतं, तक्रारदाराने दिसलं ते लिहायचं.

ग्रुपवरच्या मजकुरात 'चढवलेलं' आणि 'वापरावं' आहे : अनुस्वार बोलण्यातला, पण क्रियापद विध्यर्थी. ओळखीच्या पण घरच्या नसलेल्या माणसांना लिहायची मराठी ती हीच, आणि रोजच्या कामातलं निम्म्याहून जास्त लेखन इथेच पडतं. शाळेत आपल्याला दोनच टोकं शिकवतात, कौटुंबिक पत्र आणि व्यावसायिक पत्र. हा मधला पट्टा ज्याचा त्याने सांभाळायचा.

सरकारी थाटाची गोष्ट वेगळी आहे. शासन निर्णयात 'मान्यता देण्यात येत आहे', 'सूचना देण्यात येत आहेत' असं कर्ता नसलेलं वाक्य असतं, त्याला कारण आहे. संविधानाच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्य शासनाचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. निर्णयाखाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं लिहून अधिकारी सही करतो. निर्णय त्या अधिकाऱ्याचा वैयक्तिक नसतो, म्हणून वाक्यात 'मी' किंवा 'आम्ही' येऊच शकत नाही. तुमच्या सोसायटीत ती अडचण नाही. 'लिफ्ट दुरुस्त करण्यात येणार आहे' वाचून सभासद विचारणारच, कोण करणार आणि कधी? 'लिफ्टची दुरुस्ती कंपनीचे तंत्रज्ञ शुक्रवारी, १२ तारखेला करतील. सकाळी ११ ते ४ लिफ्ट बंद राहील' असं लिहिलं की फोन येत नाहीत.

त्याच थाटातला आणखी एक अवशेष म्हणजे 'दाखला मिळणेबाबत', 'रस्ता होणेसाठी', 'मंजुरी देणेत यावी'. ग्रामपंचायत आणि सहकारी संस्थांच्या अर्जांत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. नियमाने 'मिळण्याबाबत', 'होण्यासाठी', 'देण्यात यावी'. 'मिळणेबाबत' लिहिल्याने अर्ज कोणी परत करत नाही, पण नव्याने लिहायचंच आहे तर बरोबर लिहा. 'कार्यवाही' आणि 'कारवाई' यांत मात्र गफलत नको. अर्जावर पुढचं काम व्हावं ही कार्यवाही, दोषीला शिक्षा किंवा दंड व्हावा ही कारवाई. 'माझ्या अर्जावर योग्य ती कारवाई करावी' असं लिहिणारे रोज सापडतात.

कागद वर जातो आहे, बरोबरीच्याकडे जातो आहे की खाली, यावरही शब्द ठरतात. वर जाताना 'सादर करीत आहे', 'विनंती आहे'. बरोबरीच्याकडे 'पाठवत आहे', 'कळवावे'. खाली येताना 'कळविण्यात येते की', 'सूचित करण्यात येते'. नवखा कर्मचारी रजेच्या अर्जात साहेबांना 'आपणास कळविण्यात येते की मी दोन दिवस येणार नाही' असं लिहितो, ते इथे घसरतं. त्याने मुद्दाम केलेलं नसतं, समोर नमुना परिपत्रकाचा असतो. उलट टोकाला 'आपला कृपाभिलाषी' आणि 'आपला आज्ञाधारक'. हे आता सोडून द्यावं. 'आपला विश्वासू' सगळीकडे चालतं. (जाता जाता : मंत्रालयात एक विभाग दुसऱ्या विभागाचा अभिप्राय घेतो त्या नोंदीला 'अनौपचारिक संदर्भ' म्हणतात, आणि तिलाही क्रमांक आणि तारीख असते! तिथली अनौपचारिकता आपल्या जुन्या रजिस्टर पोस्टाहून कडक.)

कंपनीच्या मराठी ईमेलमध्ये सुरुवातच अडते. इंग्रजी मेलच्या सवयीने साहेबांना 'प्रिय' लिहू नका. मराठीत 'प्रिय' जवळच्याला किंवा बरोबरीच्याला. शासनातल्या अर्धशासकीय पत्रात एक अधिकारी दुसऱ्याला 'प्रिय श्री. …' लिहितो, ते त्या पत्रप्रकारात ठीक आहे. ऑफिसात 'नमस्कार सर,' किंवा 'नमस्कार मॅडम,' पुरे, अनोळखी असेल तर 'महोदय/महोदया'. 'दादा, ताई, साहेब' बोलण्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गोड वाटतात, पण पत्राच्या मायन्यात नकोत. 'मा. श्री. … साहेब' असा तिहेरी आदरही नको, एक पुरतो. स्त्रियांच्या नावामागे 'सौ.', 'कु.' लिहून त्यांची वैवाहिक स्थिती तुम्ही ठरवायचं कारण नाही. कार्यालयीन पत्रात सरसकट 'श्रीमती' लिहावं.

फाइल, मेल, पेमेंट, मीटिंग हे शब्द मेलमध्ये खुशाल राहू द्या. 'धारिका' लिहून औपचारिकपणा वाढत नाही, समोरच्याला थांबून विचार करावा लागतो एवढंच. 'सर, फाइल मेल केली आहे. कृपया पाहावी. दोन आकडे लाल रंगात आहेत, ते गुरुवारपर्यंत कळवल्यास बिल वेळेत निघेल.' या मजकुरात इंग्रजीतून आलेले शब्द आहेत आणि तो पुरेसा औपचारिक आहे.

चॅटवरच्या छोट्या उत्तरांतही घोटाळे होतात. साहेबांनी 'उद्या ११ वाजता भेटू' लिहिलं आणि तुम्ही 'चालेल' म्हणालात, तर जणू परवानगी दिलीत. 'हो सर, येतो' लिहा. नुसतं 'हो' तुटक दिसतं. 'बघून घ्या' आणि 'लक्षात ठेवा' लेखी स्वरूपात धमकीसारखे वाचले जातात. त्याऐवजी 'पाहून घ्यावे' आणि 'एवढे लक्षात असू द्यावे'. 'कृपा करून'चंही तसंच. बोलताना आपण 'कृपा करून आता थांबा' वैतागल्यावर म्हणतो, त्याची सावली लेखनात येते. 'कृपया'ला ती नाही. मात्र 'कृपया… करावे, अशी नम्र विनंती आहे' हे एकावर एक चढवलेलं आर्जव होतं, दोनांतलं एक काढा.

घरगुती पत्रांबद्दल थोडं, कारण इथे उलटाच प्रकार आहे. पूर्वीचं घरचं पत्र कचेरीच्या पत्रापेक्षा जास्त साच्यात बांधलेलं असे. आईवडिलांना 'तीर्थरूप', इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', लहानांना 'चि.'. मोठ्यांना सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, बरोबरीच्यांना स. न. वि. वि. म्हणजे सप्रेम नमस्कार, लहानांना अनेक आशीर्वाद, आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा'. साचा ठरलेला, म्हणून मधल्या चार ओळींत मोकळेपणाने काहीही लिहिता येई. आज हे सगळं परीक्षेच्या पेपरात आणि लग्नपत्रिकेत उरलं आहे. पत्रिका मात्र बघण्यासारखी असते. वर 'स. न. वि. वि., आमचे येथे श्रीकृपेकरून… करण्याचे योजिले आहे', आणि त्याच कागदाच्या तळाशी घरातल्या चिमुरड्याच्या नावाने 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं!'. वरचं 'योजिले' आणि खालचं 'यायचं' यांची अदलाबदल करून बघा, दोन्ही पडतील. सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या निमंत्रणात 'स. न. वि. वि.' चालतं, पाण्याच्या तक्रारीत नाही.

सांत्वनाच्या संदेशात साचा उपयोगी पडत नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ग्रुपवर चाळीस वेळा आलेलं असतं. गेलेल्या माणसाबद्दलची एक खरी ओळ, घरच्या क्रियापदात, वेगळी पाठवावी.

माहिती अधिकाराचा अर्ज हा औपचारिक लेखनाचा सर्वांत काटेकोर नमुना, आणि तो तुम्हाला सचिव म्हणून कधी ना कधी करावा लागेल. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' हा अर्जाचा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि २०१२च्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांपर्यंत. २००५च्या अधिनियमाप्रमाणे उत्तराची मुदत ३० दिवस. इथे 'रस्ता का केला नाही?' असं विचारलं तर खुलासा देणं बंधनकारक नसल्याचं उत्तर येतं, कारण कायद्याने मिळते ती अभिलेखात असलेली माहिती. म्हणून प्रश्न कागदाचा करायचा : 'या रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने व अदा केलेल्या देयकांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात.' राग, उपरोध, 'जनतेच्या पैशांचा अपव्यय' यांना १५० शब्दांत जागाच नाही, आणि त्यामुळेच हे अर्ज बहुधा नेटके होतात.

शेवटचं स्मरणपत्राबद्दल, कारण तिथे भाषेचा तोल हमखास जातो. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही की दुसऱ्यात 'आपल्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे' येतं. ते खोडा. स्मरणपत्राचं विशेषण वाढवायचं नाही, संदर्भ वाढवायचे : विषयाच्या आधी 'स्मरणपत्र क्र. १', संदर्भात पहिल्या पत्राची तारीख आणि आवक क्रमांक (पत्र देताना स्वतःच्या प्रतीवर शिक्का घेतला असेल तरच हा मिळतो, म्हणून तो घ्यायचाच), मजकुरात 'अद्याप कार्यवाही झालेली नाही. ती कोणत्या टप्प्यावर आहे, हे सात दिवसांत कळवावे, ही विनंती.' तरी हालचाल नाही तर स्मरणपत्र क्र. २, मजकूर तोच, तितकाच शांत, आणि सहीच्या खाली एक ओळ वाढवायची : 'प्रत : मा. आयुक्त यांना माहितीसाठी सविनय सादर.'